नाशिक जिल्ह्यातली ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडचे लोक, शहरात राहणारे पण घर-शेती गावाला असलेले लोक, आणि हल्ली नाशिकच्या आजूबाजूला प्लॉट घेतलेले लोक, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. भाषा सरकारी नाही, कारण सरकारी भाषेतली माहिती वाचूनच लोक विचारायला येतात.

झेडपी, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यात फरक काय? सगळे एकच ना?

नाही. गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा, झेडपी आणि पंचायत समितीचा कायदा १९६१ चा, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात हे तीन मजली काम सुरू झालं. नाशिक जिल्ह्यात तालुके १५, म्हणजे पंचायत समित्याही १५, आणि ग्रामपंचायती तेराशेच्या वर.

लोकांना वाटतं झेडपी म्हणजे ग्रामपंचायतीचा साहेब, सांगेल ते ऐकावं लागतं. तसं पूर्ण खरं नाही. ग्रामपंचायत स्वतः कर लावते, स्वतःचं बजेट करते, ठराव करते. झेडपी तपासणी करते, चौकशी लावते, निधी देते, आणि शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावाकडचे रस्ते ही मोठी कामं स्वतः सांभाळते. पंचायत समिती मधली कडी. तिच्या हातात स्वतःचा पैसा फार कमी, पण तुमची फाईल जाणार तिथूनच, त्यामुळे बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी साहेबांच्या केबिनबाहेर कायम गर्दी.

माझं गाव झेडपीत येतं का महापालिकेत? नाशिकच्या जवळ आहे.

हा प्रश्न प्लॉटवाले सगळ्यात जास्त विचारतात आणि बरोबर विचारतात, कारण एजंट "नाशिकमध्येच आहे" म्हणून काहीही विकतात. आडगाव, मखमलाबाद, पाथर्डी, चेहेडी, दसक, पंचक ही जुनी गावंच, पण महापालिकेत आहेत. १९८२ ला महापालिका झाली तेव्हा आजूबाजूची बरीच खेडी आत घेतली. उलट एकलहरे, शिंदे, पळसे, विल्होळी, गिरणारे इथं अजून ग्रामपंचायत आहे. शिंदे-पळसेला पुणे हायवेवरून जाताना शहर कुठं संपलं ते कळतसुद्धा नाही, तरी कारभार ग्रामपंचायतीचा.

देवळाली कॅम्प ना झेडपीत ना महापालिकेत, तिथं कॅन्टोन्मेंट बोर्ड. मालेगाव शहराला वेगळी महापालिका. सिन्नर, येवला, मनमाड, नांदगाव, सटाणा, चांदवड, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, भगूर इथं नगरपरिषदा. ओझर आणि पिंपळगाव बसवंत आधी मोठ्या ग्रामपंचायती होत्या, आता नगरपरिषदा झाल्या. निफाड, दिंडोरी, देवळा, कळवण, पेठ, सुरगाणा इथं नगरपंचायती. या शहरांतले लोक झेडपीला मतदान करत नाहीत, पण पंचायत समितीचं ऑफिस मात्र त्याच गावात असतं, त्यामुळे घोळ होतो. सिन्नर शहरातला माणूस गटारीची तक्रार घेऊन पंचायत समितीत गेला तर त्याला परतच पाठवणार.

आणखी एक, वणीची देवी म्हणतो आपण, पण सप्तशृंगगड कळवण तालुक्यात आहे आणि गडाला स्वतःची ग्रामपंचायत आहे. वणी गाव दिंडोरी तालुक्यात. गडावरच्या कामाची चौकशी दिंडोरी पंचायत समितीत करून उपयोग नाही.

ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, यातलं कोणाकडे कशाला जायचं?

ग्रामसेवक झेडपीचा माणूस, ग्रामपंचायतीचा सचिव. २०२४ पासून त्यांचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय. तलाठी महसूलचा, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखाली, त्यांनाही आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गावात मात्र अजून ग्रामसेवक आणि तलाठीच चालतं, चालणारच.

घराचा उतारा, घरपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद, नळ, गटार, स्ट्रीट लाईट हे ग्रामसेवकाकडे. सातबारा, ८-अ, फेरफार, पीक पाहणी, पंचनामा हे तलाठ्याकडे. नमुना ८ हा ग्रामपंचायतीचा घराचा कागद आणि ८-अ हा तलाठ्याकडचा जमिनीच्या खात्याचा कागद, बँकेत कर्जाला जाताना नेमकं कोणतं मागितलंय ते विचारून घ्या नाहीतर दोन चकरा होतात. पोलीस पाटलाला प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी नेमतात, त्याचा ग्रामपंचायतीशी तसा संबंध नाही, पण गावात सगळ्यात आधी खबर त्यालाच असते.

मळ्यात जायचा शिवरस्ता किंवा पाणंद कोणी अडवली तर सरपंचाला शिव्या देऊन उपयोग नाही, तो विषय तहसीलदाराचा. बाजार समिती हाही वेगळा विषय. लासलगावला कांद्याचा लिलाव बंद पडला म्हणून ग्रामपंचायतीला जाब विचारणारे लोक आहेत, पण बाजार समिती सहकार-पणन खात्याखाली चालते.

आमच्या गावचा रस्ता नुसता खड्डा आहे, तक्रार कुठं करायची?

आधी रस्ता कोणाचा ते बघा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, म्हणजे पीडब्ल्यूडीचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीच्या बांधकाम विभागाचे. गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. पंतप्रधान ग्रामसडक किंवा मुख्यमंत्री ग्रामसडकमधून झालेला असेल तर रस्त्याच्या तोंडाशी बोर्ड असतो, त्यावर ठेकेदाराचं नाव आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते. मुदतीत खड्डे पडले तर त्या ठेकेदारानंच भरायचे. बोर्डाचा फोटो काढून ठेवा. बोर्ड नसेल तर तीच पहिली तक्रार.

बोर्डावर किंवा कागदात ग्रा.मा. किंवा इ.जि.मा. असं लिहिलेलं दिसलं की समजायचं झेडपीचा. अर्ज झेडपीच्या बांधकाम उपअभियंत्याला करायचा, तालुक्यालाच बसतात. रस्त्यांचं नेहमी असं होतं की ग्रामपंचायत म्हणते झेडपीचा, झेडपी म्हणते पीडब्ल्यूडीचा, आणि खड्डा पावसाळ्यात तळं होऊन बसतो. म्हणून अर्जात एक ओळ टाकायचीच, "सदर रस्ता आपल्या विभागाकडे नसल्यास कोणत्या विभागाकडे आहे ते लेखी कळवावे." या एका ओळीनं बरंच काम होतं.

झेडपीत निवडून आलेले लोक कोण असतात? माझा गट-गण म्हणजे काय?

जिल्ह्याचे तुकडे करतात, एकेका तुकड्याला गट म्हणतात, गटातून एक झेडपी सदस्य. एका गटाचे दोन गण, प्रत्येक गणातून एक पंचायत समिती सदस्य. म्हणून मतदानाला गेलात की दोन मतं द्यायची असतात. २०१७ ला नाशिकला ७३ गट आणि १४६ गण होते. सदस्य मिळून अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडतात, अध्यक्षाला अडीच वर्षं. मग स्थायी, अर्थ, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, पशुसंवर्धन, समाजकल्याण, महिला-बालकल्याण, जलव्यवस्थापन अशा समित्या. खरी ओढाताण बांधकाम आणि अर्थसाठी असते, का ते सांगायला नको.

वरती आयएएस दर्जाचे सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. सही त्यांची, धोरण सदस्यांचं, असं कायद्यात. झेडपी त्र्यंबक रोडला आहे, कलेक्टर ऑफिस सीबीएस बसस्टँडजवळ, आणि ही दोन ऑफिसं वेगळी आहेत हे गावाकडून पहिल्यांदा येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, रिक्षाचे पैसे वाचतील.

मग २०२२ नंतर इतकी वर्षं झेडपीची निवडणूक का नव्हती?

फेब्रुवारी २०१७ ला निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर ओबीसी आरक्षण आणि गट रचनेचे वाद सुप्रीम कोर्टात गेले, राज्यभर सगळ्याच निवडणुका अडकल्या आणि सीईओच प्रशासक म्हणून बसले. मे २०२५ मध्ये कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठं हालचाल सुरू झाली.

प्रशासक काळात कामं थांबत नाहीत, पण तुमच्या भागाचा आवाज तिथं कोणीच नसतो. पेठ-सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर शिक्षक नाही हे सभागृहात ओरडून सांगायला माणूस लागतो. अधिकारी चांगला असला तर ऐकतो, पण त्यानं ऐकलंच पाहिजे अशी जागा उरत नाही. लोक म्हणतात सदस्य नव्हते तेच बरं होतं, टक्केवारी वाचली. मला हे पटत नाही. टक्केवारी सदस्यांबरोबर आली नव्हती आणि त्यांच्याबरोबर गेलीही नव्हती.

ग्रामपंचायतीला किती सदस्य असतात? आमच्याकडे ९ आहेत, शेजारच्या गावाला १३.

लोकसंख्येवर. १,५०० पर्यंत ७, मग ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५ आणि त्याच्या वर १७. वॉर्डातून दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात, वर सरपंचाचं एक वेगळं मत, म्हणून मशीनपुढे लोक गोंधळतात. निम्म्या जागा महिलांना राखीव. पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं. २१ वर्षं पूर्ण पाहिजेत, आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर उभं राहता येत नाही. बिल मिळूनही घरपट्टी तीन महिने थकवली तर तीही अडचण, म्हणून निवडणूक लागली की ग्रामपंचायतीत अचानक पावत्या फाडायला रांग लागते. वर्षानुवर्षं न भरणारे सुद्धा त्या आठवड्यात व्याजासकट भरून मोकळे.

सरपंच थेट जनतेतून का सदस्यांतून?

आता थेट. २०१७ ला थेट केलं, २०२० ला पुन्हा सदस्यांतून केलं, २०२२ ला परत थेट. सरकार बदललं की नियम बदलला, इतकं साधं आहे ते. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. नंतर आणला तर तीन चतुर्थांश सदस्य पाहिजेत आणि वरून ग्रामसभेत गुप्त मतदानानं लोकांनी मान्य करावं लागतं. त्यामुळे हल्ली कितीतरी गावांत सरपंच एका पॅनलचा आणि बॉडी दुसऱ्या पॅनलची असते, मग मासिक मिटींगला कोरमच होत नाही आणि पाच वर्षं नळाच्या पाईपवरून भांडणात जातात.

ग्रामसभेला गेलं पाहिजे का? काही होत नाही तिथं.

गेलं पाहिजे, आणि हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतोय. घरकुलाच्या यादीत कोण राहणार कोण उडणार, गावाचा विकास आराखडा, कामांची यादी, हे ग्रामसभेपुढे ठेवावंच लागतं. वर्षाला किमान चार ग्रामसभा. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर किंवा त्याच्या आगेमागे. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. आता गंमत अशी की पहिल्या सभेला कोरम नाही झाला तर तहकूब करतात, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. म्हणजे शंभर माणसं आली नाहीत म्हणून तुम्ही खूश होऊन घरी जाता आणि पुढच्या वेळी पंधरा माणसांत सगळं मंजूर होऊन जातं. बऱ्याच गावांत हे मुद्दाम केलं जातं. तहकूब सभेची तारीख विचारूनच घरी जायचं.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कागदावर ती कायम होतेच. वहिनी-काकूंना विचारा कधी झाली, उत्तर मिळेल तेच सगळं सांगून जाईल.

तुमचा विषय इतिवृत्तात यायचा असेल तर तोंडी बोलू नका, आधी लेखी द्या आणि पोच घ्या. शिक्का आणि आवक नंबर असलेली झेरॉक्स. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं धरून चाला. सही देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती म्हणजे पोचच.

ग्रामपंचायतीला पैसा येतो कुठून?

घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर हे स्वतःचं. वरून खरेदीखतांच्या मुद्रांक शुल्कातला वाटा, ज्या गावाच्या हद्दीत प्लॉटचे व्यवहार जास्त तिथं हा चांगला येतो. आणि मोठा भाग वित्त आयोगाचा. १५ व्या वित्त आयोगात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि झेडपीला १० असं वाटप होतं. २०२१ पासून त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगाराला नाही वापरायचे.

गावाच्या नावावर किती आले आणि कशावर गेले हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही दिसतं, लॉगिन लागत नाही. मोबाईलवर उघडा, नाशिक, तालुका, गाव निवडा. बऱ्याच ठिकाणी एलईडी लाईट, डस्टबिन आणि आरओ प्लांट फार दिसतील. मग गावात फिरून बघा डस्टबिन कुठं आहेत.

नमुना ८ वर माझं नाव आहे, म्हणजे घर माझ्या मालकीचं ना?

नाही, आणि हे नीट समजून घ्या कारण यावर भावाभावांत कोर्टबाजी होते. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढंच त्यातून ठरतं. मालकीला खरेदीखत, वारसाहक्काचे कागद, सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका लागते. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायचं काम सुरू आहे, तुमच्या गावाची झाली असेल तर सनद घेऊन टाका आणि नाव, क्षेत्र, चतुःसीमा तिथल्या तिथं तपासा.

वडील गेल्यावर नाव लावायचं असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांची नावं देऊन अर्ज. बहिणींची नावं वगळून अर्ज करायची जी पद्धत पडलीय ती आधी बंद करा, नंतर तीच नोंद रद्द होते.

गावाजवळ प्लॉट घेतलाय, बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत देते का?

गावठाणात, ठरलेल्या मापापर्यंत, हो. गावठाणाच्या बाहेर नाही. आणि नाशिक शहराच्या आजूबाजूची बरीच गावं एनएमआरडीए म्हणजे नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात गेलीत, तिथं परवानगी त्यांची लागते. ग्रामपंचायतीची "ना हरकत" म्हणजे बांधकाम परवानगी नाही, मग तिच्यावर कितीही गोल शिक्के असोत. घरपट्टी लागली म्हणून बांधकाम कायदेशीर झालं असंही होत नाही, बेकायदा बांधकामालाही घरपट्टी लागते. बिल्डर घरपट्टीची पावती नाचवून दाखवत असेल तर हे लक्षात ठेवा.

मुलाचा जन्म नाशिकला दवाखान्यात झाला, दाखला गावातून मिळेल का?

नाही. जिथं जन्म झाला तिथंच नोंद. महापालिका हद्दीतल्या दवाखान्यात झाला तर महापालिका, गावात घरी झाला तर ग्रामपंचायत. मृत्यूचंही तेच. २१ दिवसांत कळवलं तर फी नाही, वर्ष उलटलं की ग्रामपंचायतीच्या हातात राहत नाही. आणि नाव टाकताना स्पेलिंग नीट सांगा, आधारला वेगळं आणि दाखल्याला वेगळं झालं की दहावीपर्यंत त्रास.

पाण्याचा टँकर कोण मंजूर करतं?

ग्रामपंचायतीनं ठराव करून पंचायत समितीला मागणी करायची, मग बीडीओ आणि तहसीलदार मिळून जागेवर पाहणी करतात, आणि प्रांत मंजुरी देतात. सरपंचाच्या खिशात टँकर नसतो.

येवला, नांदगाव, मालेगाव, चांदवड, सिन्नर या बाजूला टँकर लागतो हे समजू शकतं, पाऊसच कमी. पण इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा इथं पावसाळ्यात डोक्यावरचं घोंगडं काढू देत नाही इतका पाऊस आणि मार्च-एप्रिल लागला की बाया डोंगर उतरून झऱ्यावर. कातळ उतार, पाणी थांबत नाही, मुरत नाही, आणि मोठी धरणं बांधली ती खालच्या गावा-शहरांसाठी. जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटर नळानं द्यायचं ठरलं, टाक्या उभ्या राहिल्या, पाईप पुरले, पण विहिरीला उन्हाळ्यात पाणी आहे का हे आधी बघायला पाहिजे होतं. टाकी दिसते म्हणून योजना पूर्ण असं ग्रामसभेत मान्य करू नका. योजना ताब्यात घेतल्याचा ठराव झाला की पंप जळला तरी खर्च ग्रामपंचायतीचा.

पेसा म्हणजे काय? आमच्या गावाला लागू आहे का?

१९९६ चा केंद्राचा कायदा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण आणि शिवाय त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी, बागलाण, नाशिक तालुक्यांतली बरीच गावं यात येतात. इथं सरपंच अनुसूचित जमातीचाच.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट, पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. तिकडं गट ग्रामपंचायती असतात, एका ग्रामपंचायतीत चार-सहा पाडे, एकमेकांपासून लांब, आणि मोठ्या गावाची माणसं जास्त म्हणून निधी तिथंच जिरतो. पाडा वेगळं गाव म्हणून जाहीर झाला की त्याची ग्रामसभा स्वतः ठरवते. दारू दुकान, गौण खनिज, तळी, गौण वनोपज यात ग्रामसभेला विचारावं लागतं. आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट या ग्रामपंचायतींना येतो. हा निधी वेगळ्या खात्यात असतो आणि त्याच्या खर्चाला ग्रामसभेची मान्यता लागते, पण कितीतरी पाड्यांवर असा पैसा येतो हेच माहीत नाही.

२०२२ च्या शेवटी सुरगाण्यातल्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातमध्ये घाला म्हणून मागणी केली तेव्हा नाशिकात लोक हसले, काहींना राग आला. त्यांच्या मागण्या काय होत्या तर रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा. म्हणजे झेडपीच्या रोजच्या कामाची यादी.

दवाखान्यात डॉक्टर नसतो, सरपंच काही करू शकतो का?

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र झेडपीचं, तक्रार तालुका आरोग्य अधिकारी आणि मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल राज्याचं, झेडपीचा तिथं संबंध नाही. ग्रामसभेचा ठराव जोडला तर तक्रारीला वजन येतं. शाळेचंही तसंच, तिथं शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात ७५ टक्के पालक असतात, शिक्षक येत नसेल तर समितीच्या वहीत लिहा आणि केंद्रप्रमुखाला द्या.

गावातली दारू बंद करायचीय.

परवान्याचं दुकान असेल तर महिलांनी मागणी करून मतदान घेता येतं. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, मग मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंदच्या बाजूनं, पडली पाहिजेत. आलेल्यांपैकी नाही, एकूण यादीपैकी. म्हणून लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं यादीत तशीच असतील तर आधी यादी साफ करून घ्या, नाहीतर जिंकलेलं मतदान हरता. हातभट्टीला मतदान लागत नाही, ती पोलीस आणि एक्साईजची गोष्ट.

सरपंचानं पैसे खाल्ले, काय करायचं?

पहिलं, कागद. माहिती अधिकारात १० रुपयाचं तिकीट लावून अर्ज, कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिल, कॅशबुकची पानं मागा. ३० दिवस. नाही दिलं तर पहिलं अपील पंचायत समितीत, दुसरं माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठात. "संपूर्ण कारभाराची माहिती द्यावी" असा अर्ज करू नका, त्याला उत्तर येत नाही. एक काम, एक वर्ष, एवढंच मागा.

मग तक्रार बीडीओकडे, नंतर झेडपीत डेप्युटी सीईओ ग्रामपंचायत, मग सीईओ. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली सीईओंकडून चौकशी होऊन सरपंच किंवा सदस्याला काढायचा अधिकार विभागीय आयुक्तांना आहे, त्यांचं ऑफिस नाशिकरोडला. सरकारी जागेवर अतिक्रमण केलंय म्हणून अपात्र करायचं असेल तर तो अर्ज कलेक्टरकडे. दोन्ही वाटा वेगळ्या. वेळ लागतो, खूप लागतो, कधीकधी मुदतच संपून जाते. म्हणून काम चालू असतानाच मोजमाप मागायला शिका, सिमेंट वाळल्यावर कोणी उकरून दाखवत नाही.

सरपंचाला पगार किती?

पगार नाही, मानधन. २०२४ ला दुप्पट केलं. २,००० लोकसंख्येपर्यंत महिना ६,०००, ८,००० पर्यंत ८,००० आणि त्याच्या वर १०,०००. उपसरपंचाला २,०००, ३,००० आणि ४,०००.

मग एवढ्या मानधनासाठी लोक लाखो रुपये का घालवतात? आणि पदाचा लिलाव चालतो का?

का घालवतात ते गावात सगळ्यांना माहीत असतं. लिलाव चालत नाही. देवळा तालुक्यातल्या उमराण्याला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत असा लिलाव झाल्याचं समोर आलं, बोली दोन कोटींच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या, मंदिरासाठी पैसे म्हणून सांगितलं गेलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं तिथली सगळी निवडणूकच रद्द केली. बिनविरोध करायला हरकत नाही, पण ते समजुतीनं. मंदिराला देणगी, शाळेला खोली, गावजेवण, कोणत्याही नावाखाली पदाच्या बदल्यात पैसा ठरला की तो लिलावच. तुमच्या गावात असं चाललं असेल तर तक्रार तहसीलदार किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करायची, व्हिडिओ असेल तर जोडायचा, आणि मतदानाच्या आधी करायची.